पोथी चालू असताना

रेश्मा: आबा, मोठ्या डॉक्टरांनी मला परत तेच विचारलं. आईला दुखायला कवा लागलं?

मानसिंग: काल रातीपासनं दिसल त्याला तेच सांगतोय. आरती झाली, ताट खाली ठिवलं, आन ही उठाया गेली ती भिताडाला धरून खालीच बसली. म्या माज्या डोळ्यांनी बगितलं. आष्ट्याच्या डाक्टरनं इंजेक्शन दिलं आन मिरजला पळवा म्हनला. पळवलं. ह्याच्यात आनि काय सांगायचं?

रेश्मा: ते म्हणतात, तपासणीत तसं दिसत न्हाई. त्याच्या बऱ्याच आधीपासून दुखत असणार.

मानसिंग: डाक्टर हितं हुता, का तितं?

रेश्मा: आबा, हळू. लोक बघायलेत. हृदयाचा एक भाग मेलाय तिच्या. तो काय आरती संपली आणि लगेच मेला, असं होत न्हाई म्हणाले.

मानसिंग: मेला म्हंजे?

रेश्मा: म्हणजे तेवढा भाग आता हलणार न्हाई. नळी उघडली, स्टेंट बसवला, जीव वाचला. पण लवकर आणलं असतं तर तेवढंबी वाचलं असतं.

मानसिंग: लवकर म्हंजे कवा? दुखाया लागल्या-लागल्या तर हानलं. चेअरमनची गाडी दारात उभी हुती, चप्पलबी न घालता बसलो. हे बग पाय.

रेश्मा: बघितलं मी. आल्या-आल्या बघितलं. थांबा, बाहेर दुकान हाय, आणते एक जोड.

मानसिंग: चपलेचं राहू दे. तू खाली बस. कोरेगावासनं भल्या पाटं गाडीत बसून आलीस, तोंडात कायतरी घाल. आन त्या डाक्टरला सांग, पोथी चालू हुती तवा ती माज्या म्होरंच बसली हुती. ताठ. मला दिसलं नसतं व्हय?

रेश्मा: तुमचं डोळं पोथीत असतात.

मानसिंग: काय म्हनायचंय तुला?

रेश्मा: काय न्हाई. काल किती वाचलं?

मानसिंग: रोजच्यापरास जरा जास्तच. अध्याय संपत आला हुता. अर्धा सोडायचा कशापायी म्हनून म्होरं रेटला. अर्थबी जरा खोलात जाऊन सांगितला. पूजानं लय चांगलं वाचलं काल. एक अक्षर अडलं न्हाई तिचं. लगीन हून आली तवा चार ओळीत धा वेळा अडखळायची पोरगी.

रेश्मा: आणि आई?

मानसिंग: आई ऐकत हुती. डोळं मिटून. म्या मनात म्हनलं बी, बग, रंगली.

रेश्मा: ती रंगली नव्हती, आबा.

मानसिंग: मग?

रेश्मा: सकाळी गाडीत असताना पूजाचा फोन आला मला. रडत होती. तुम्हाला सांगायचं तिचं धाडस न्हाई. म्हणाली, वन्सं, तुमीच सांगा.

मानसिंग: काय सांगा?

रेश्मा: तुमी अर्थ सांगायला लागला तवाच आईनं छातीला हात लावला. घाम सुटला तिला. ब्लाउज भिजला पाठीवर. पूजा उठायला लागली, तर आईनं तिच्याकडं डोळं वटारलं आणि मान हलवली. बस खाली म्हणून. मग आईनं पदर तोंडात धरला.

मानसिंग: पदर?

रेश्मा: दातात. आवाज निघू नये म्हणून.

मानसिंग: खोटं.

रेश्मा: आबा…

मानसिंग: साफ खोटं हाय. पूजाला काय कळतंय? बाईमानूस पदर तोंडाला लावतंच की. घरात कोन मरतंय आन मानूस पोथी ऐकत बसतंय, आसं कुटं आसतं व्हय? कुटं आसतं?

रेश्मा: आपल्या घरात असतं.

मानसिंग: तोंड सांबाळून बोल.

रेश्मा: सांभाळूनच बोलायला आले मी. पन्नास वेळा मनात घोळवून आले. गेल्या दिवाळीला दादा सुट्टीवर आला होता. पोथी चालू असताना त्याच्या युनिटचा फोन आला, म्हणून तो उठून अंगणात गेला. आठवतंय?

मानसिंग: नेम म्हंजे नेम. मोबाईल टोपलीत टाकायचा ठरलं हुतं. त्यो खिशात घिऊन बसला. मी पन फौजेतच हुतो की. तितं मंदिर परेडची आरती चालू असली की पलटनीचं सीओसाहेब बी हलत न्हाई जाग्यावरनं.

रेश्मा: त्यानंतर तुमी त्याच्याशी बोलला न्हाईसा. सुट्टी संपेस्तोवर. सांगली स्टेशनवर त्यो तुमच्या पाया पडला तरी तुमी बोर्डाकडं बघत उभं राहिलात. माझा भाऊ लेहच्या बर्फात गेला, आणि बापानं त्याला ‘जपून रहा’ एवढंबी म्हटलं न्हाई. आई त्या दिवसापासून पोथीला बसली की आधी सगळ्यांची तोंडं बघती. कोण खोकतंय, कोणाला लघवीला लागलीय, कोणाचं पोट दुखतंय. आधी सगळ्यांना विचारून घेती. म्हणती, जाऊन या बाबांनो, परत उठायचं न्हाई.

मानसिंग: मला म्हाईत न्हाई हे.

रेश्मा: तुमाला कोण सांगणार?

मानसिंग: मी काय वाघ हाय व्हय?

रेश्मा: बसा आधी.

मानसिंग: पानी दे.

रेश्मा: घ्या. हळू.

मानसिंग: पेन्शन घिऊन आलो तवा ह्या घरात काय हुतं, तुला म्हाईत हाय. एक टीव्हीफुडं जेवतंय, एक मोबाईल घिऊन माडीवर, ही चुलीपाशी एकटी. कोन कोनाशी बोलत नव्हतं. म्हनलं, दिवसातनं एकदा तरी सगळी देवाफुडं एका चटईवर येऊ देत. हातपाय धुवून. प्रार्थना, पोथी, अर्थ, आरती. वंगाळ काय केलं म्या?

रेश्मा: वंगाळ न्हाईच केलं. मीबी माझ्या घरी सुरू केलंय तुमचं बघून. पोरं बसतात.

मानसिंग: तू केलंयस?

रेश्मा: व्हय. पण माझी पोरं मधनंच उठून पाणी पिऊन येतात. एखादं तितंच झोपतं. देव काय बोलत न्हाई त्यांना.

मानसिंग: बास. बंद. आजपासनं सगळं बंद करायचं. पोथी कापडात बांधून देवळात नेऊन ठिवतो. पूजाला आत्ताच फोन करून सांग, आज दिवं लागनीला बसायचं न्हाई. कोनी बसायचं न्हाई.

रेश्मा: हीबी ऑर्डरच झाली, आबा.

मानसिंग: मग काय करू मी?

रेश्मा: मला काय माहिती? सिस्टर बोलावतायत बघा. एकालाच सोडणार म्हणतात. जावा तुमी. आणि तिला जास्त बोलायला लावू नका.

⁂

बनुबाई: आला व्हय. म्हशीला कोनी पानी दावलं?

मानसिंग: पूजा बगती सगळं. तू बोलू नगंस.

बनुबाई: ती म्हस पूजाला पान्हवत न्हाई. शेजारच्या सोनियाला हाक मारा म्हनावं. तुमी अनवानी हाय व्हय? हितली फरशी किती गार…

मानसिंग: बनू.

बनुबाई: काय वं? असं नाव घिऊन हाक मारू नगासा. भ्या वाटतंय मला. काय म्हनलं डाक्टर?

मानसिंग: चांगलंच म्हनलं. बरी हाईस म्हनलं. एक इचारतो, खरं सांग. काल कवा दुखाया लागलं तुला?

बनुबाई: झालं की आता. काल ते काल.

मानसिंग: कवा?

बनुबाई: पूजाचं वाचून झालं. तुमी चष्मा पुसून अर्थ सांगाया घेतला, तवा. आधी वाटलं पित्त असंल. मग डावा हात जड झाला. मग आसं वाटलं, कुनीतरी छातीवर पाटा ठिवलाय आन वर बसलंय.

मानसिंग: आन तू बसून ऱ्हायलीस.

बनुबाई: बसले.

मानसिंग: अगं, एक हाक मारायची!

बनुबाई: हळू बोला. त्या पलीकडच्या म्हातारीला आत्ता डोळा लागलाय.

मानसिंग: एक हाक मारली असतीस तर मी थांबलो नसतो व्हय?

बनुबाई: थांबला असता.

मानसिंग: मग?

बनुबाई: आता थांबला असता म्हनते. तवा मला काय म्हाईत? तुमी कवा थांबलाच न्हाईसा. सासूबाईंच्या मागनं तुमची मावशी वारली, तवा निरोप घिऊन मानूस दारात उभा हुता. तुमी त्याला हातानं दावलं, थांब म्हनून. आरती झाल्यावर इचारलं, काय रं.

मानसिंग: ते… मानूस तर आधीच गेलं हुतं. घाई काय हुती त्यात, आसं मागनं वाटलं मला.

बनुबाई: मीबी तेच म्हनलं मनात. जरा कळ काढावी. अध्याय संपतच आलाय.

मानसिंग: भ्यालीस तू मला?

बनुबाई: ती चादर जरा पायावर वढा.

मानसिंग: बनू, इचारतोय मी.

बनुबाई: व्हय.

मानसिंग: म्या कवा हात उगारला तुज्यावर? सांग. कवा दारू प्यालो? कवा चारचौघात शबूद टाकला?

बनुबाई: न्हाई. देवाच्यान न्हाई. मारलं असतं तर आरडून मोकळी झाले असते. तुमी गप हुता. ते लय वाईट. वीरधवलशी गप झाला तवा घरातलं भांडंबी वाजत नव्हतं. मला वाटलं, आता माज्यापायी पोथी मोडली तर ह्यो मानूस माज्याशीबी गप हुईल. ह्या वयात मला ते झेपायचं न्हाई. त्यापरीस छातीतलं बरं.

मानसिंग: आगं, काय बोलतीस तू हे?

बनुबाई: इचारलं तुमी. म्हनून सांगितलं. जरा ती उशी वर करा. आजून. हां.

मानसिंग: माज्या गप बसण्यापरीस छातीतलं बरं.

बनुबाई: आता त्येच घोकत बसू नगासा.

मानसिंग: गोळ्या चालत हुत्या तवा मी भ्यालो न्हाई गं कवा. आत्ता भ्यालोय.

बनुबाई: मग स्टुलावर बसा. सिस्टर काय म्हनत न्हाई. आजून एक सांगू? सांगूनच टाकते. रागवायचं न्हाई.

मानसिंग: न्हाई रागवत.

बनुबाई: पार कळ वर आली तवा वाटलं, आता जातीया मी. आन मला दिसलं सगळं. दारात मानसं. म्हनत्यात, भाग्यवान बाई, पोथी ऐकता ऐकता गेली. सवाष्न गेली. देवानं उचलून नेलं. आन तुमी मान डोलवताय.

मानसिंग: मी डोलवतोय?

बनुबाई: मला आसा राग आला! लय राग आला. म्हनलं, ह्यांच्या पोथीत मरायचं न्हाई. मरायचं तर माज्या मनानं मरीन, गोठ्यात मरीन, पन हितं चटईवर मरून ह्यांचं नाव करायचं न्हाई. त्या रागावरच दम धरला म्या. देवाचं नाव घिऊन न्हाई. रागानं.

मानसिंग: म्हनलो असतो मी.

बनुबाई: काय?

मानसिंग: भाग्यवान हुती म्हनून. दहाव्याला सगळ्यांस्नी सांगितलं असतं. फोटूखाली बी लिवलं असतं. तू पदर दातात धरून गेलीस हे मला कवा कळलंबी नसतं. मी जल्मभर अभिमानानं सांगत फिरलो असतो.

बनुबाई: डोळं पुसा. कोन बगल.

मानसिंग: बगू दे. पोथी बंद करायची ठरवलंय म्या. ह्याउप्पर ते नगंच घरात.

बनुबाई: तुमी ठरवलं?

मानसिंग: व्हय.

बनुबाई: आन आमी?

मानसिंग: तुला भ्या वाटतंय म्हनलीस की.

बनुबाई: भ्या वाटतंय आन आवडतंयबी. दोनी हाय. तुमी वाचताना आवाज चांगला लागतो तुमचा. पूजा वाचाया लागली, बोलाया लागली. पैल्यांदा माज्याशी दोन शबूद बोलायची न्हाई, आता अर्थ इचारती मला. मला! मला वाचाया येत न्हाई, तरी इचारती. आन देवाचं काय, तुमी आनलं तवाच आलं व्हय घरात?

मानसिंग: म्हंजे?

बनुबाई: तुमी बारमेरला, आसामला, कुटं-कुटं हुता. चिट्ठी यायची न्हाई. मी दिवा लावायची आन भाकरी थापता थापता म्हनायची, तोंडाला यील ते. माज्या आयनं शिकिवलेलं. रेश्मा पाठीवर, वीरधवल पिठात हात घालतोय. मदीच दूध उतू जायचं, मदीच कोन हाक मारायचं. उठायची, यायची, परत म्हनायची. त्येबी पोचलंच की. तुमी धड आलासा.

मानसिंग: कवा बोलली न्हाईस तू हे.

बनुबाई: बोलायचं काय त्यात? चूल फुकताना कोन सांगून फुकतंय?

मानसिंग: मला वाटत हुतं, ह्या घराला वळन म्या लावलं.

बनुबाई: लावलं की. न्हाई कोन म्हनतंय? जरा लयच आवळलं. आता जावा भायेर, ती सिस्टर घड्याळ दावतीया. आन पायात कायतरी घाला.

⁂

(पंधरवडा उलटून गेलाय. आष्ट्याजवळच्या गावातलं घर. देवासमोर दिवा लागलाय, चटई अंथरलीय.)

मानसिंग: सगळी बसली? पूजा, तू भिताडाला टेक. पाय आकडलं तर लांब कर. बनू, तुला खुर्ची आनू?

बनुबाई: चटईच बरी.

मानसिंग: पाठीला उशी?

बनुबाई: हाय.

मानसिंग: पानी हातापाशी हाय न्हवं? कोनाला मदी उठावं वाटलं तर उठा. इचारायचं न्हाई. फोन आला तर घ्या. काल वीरधवलला म्याच फोन केला हुता.

रेश्मा: तुमी केला? काय बोलला?

मानसिंग: थंडी किती हाय इचारलं.

रेश्मा: आणि?

मानसिंग: लय हाय म्हनला. जपून रहा म्हनलं. मग त्यो कायच बोलंना. मला वाटलं लाईन कट झाली. बराच वेळ धरून बसलो. मग म्हनला, हाय आबा, ऐकतोय.

रेश्मा: बरं केलंत.

मानसिंग: हां. आता वाचतो. आजच्या दिवस मी वाचतो, उद्या पूजा. हे बगा, मागच्या खेपेला अध्याय… त्यो राहू दे. नवा धरतो. पैली ओवी अशी हाय… बनू, दुखतंय का काय?

बनुबाई: न्हाई वं.

मानसिंग: कपाळाला हात लावलास म्हनून इचारलं. तर पैली ओवी… घाम आलाय व्हय गं?

बनुबाई: गरम हुतंय.

मानसिंग: पंखा लाव गं पूजा. मोठा लाव.

रेश्मा: आबा, एक ओळ तर पुरी करा. मला सकाळी कोरेगावला जायचंय.

मानसिंग: करतो की. कायतरी झालं तर आधी कळाया नगं? हां. ऐका. एका दमात वाचतो आता… बनू? बनू, कुटं निघालीस? उठलीस कशाला? काय हुतंय? रेश्मा, आगं धर तिला!

रेश्मा: आई?

बनुबाई: आगं, सोड. काय हुईत न्हाई मला.

मानसिंग: मग कुटं चाललीस?

बनुबाई: कुटं न्हाई. उठता येतंय का बगितलं. वाचा तुमी.